तास सोडलेला नांगर

आमच्या हिंगोली भागात शेवटच्या आजारात माणूस बरळू लागला की 'वात झाला' म्हणतात. जुने वैद्य सन्निपात म्हणत, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. मंडळी, या शब्दाची कुळकथा गमतीची आहे. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगराचं तास. तास सोडून भरकटणं ते डिलिरियम! पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने तो वैद्यकात आणला. आमच्या कुणब्याला हे वेगळं समजवायला नको.

टाळण्याचा उपाय मात्र फार उशिरा सुचला. १९९९ साली (परभणीतून आमचा जिल्हा वेगळा झाला तेच वर्ष) अमेरिकेत डॉ. शॅरन इनूये यांनी ८५२ वृद्ध रुग्णांचा अभ्यास छापला. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवणं, पाणी पाजणं, दिवस-वार सांगणं, रात्री झोपू देणं, थोडं चालवणं, एवढंच. नेहमीच्या शुश्रूषेत शेकडा १५ जणांना भ्रम झाला, इथे ९.९.

ते साध्या वॉर्डातले रुग्ण होते. अखेरच्या दिवसांत सगळाच भ्रम टळत नाही. पण औषधाचीही फार आशा नको. २०१७ साली ऑस्ट्रेलियात अशा रुग्णांना हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन देऊन पाहिलं, तर खोट्या औषधापेक्षा त्रास जास्तच!

मरणासन्नांच्या शुश्रूषेसाठी वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ साली निघालं. आमच्याकडे मात्र म्हातारा शेवटचा म्हटलं की खोलीत गाव जमतं, चष्मा फडताळात जातो, रात्रभर दिवा आणि रडारड. लघवी तुंबली का, पोट साफ झालं का, हे कोणी बघत नाही. मला विचाराल तर निम्मी माणसं ओसरीवर बसवावीत. तिथून भजन म्हटलं तरी आत ऐकू जातंच.