मुदतबाह्य कर्ज : एका सहीचे मोल

विनातारण कर्ज थकल्यास वसुलीचा दिवाणी दावा सर्वसाधारणपणे ३ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. मुदतीच्या कायद्याने (१९६३) घातलेली ही मर्यादा उलटून गेली, तर कर्जदाराने तसा बचाव घेतला नसला तरी कलम ३ नुसार न्यायालयाला दावा फेटाळावा लागतो. स्थावर मालमत्ता गहाण असेल, तर तिच्यावरील वसुलीसाठी ही मुदत १२ वर्षांची आहे.

मुदत संपली म्हणजे कर्ज फिटले, असे मात्र नव्हे. दाव्याचा मार्ग बंद होतो, देणे शिल्लकच राहते. तारण ठेवलेले सोने धनको त्यानंतरही अडवून ठेवू शकतो.

अडचणीतील कर्जदार फसतो तो सही करताना. मुदत संपण्यापूर्वी त्याने देणे असल्याची सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी स्वाक्षरीची नोंद झाली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. मुदत उलटल्यानंतर नुसत्या कबुलीने वा हप्त्याने दावा जिवंत होत नाही. परंतु 'रक्कम फेडीन' असे लेखी वचन सही करून दिल्यास, करार कायद्याच्या (१८७२) कलम २५(३) नुसार तो नवा करार ठरतो.

म्हणूनच वसुलीसाठी आलेल्याने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी शेवटचा हप्ता आणि शेवटची लेखी कबुली यांच्या तारखा तपासणे हिताचे. न्यायालयाचे समन्स आल्यास मात्र गैरहजर राहू नये; एकदा हुकूमनामा झाला, की त्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते.