दुर्गद्वारावरील श्वापद : शरभ कीं शर्जा ?

महाराष्ट्रांतील किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखें एक श्वापद कोरलेलें अनेक ठिकाणीं दिसतें. पंजांखालीं हत्ती दाबलेले असतात, शेपटी पाठीवर वळलेली असते. दुर्गप्रेमी मंडळी त्यास 'शरभ' म्हणतात, आणि हें नांव आतां इतकें रूढ झालें आहे कीं त्याविषयीं शंका काढणें हा अरसिकपणाच ठरावा. आम्हीं स्वतः मुलांना जंजिऱ्याच्या महाद्वारीं उभें करून, "हा पहा शरभ," असें वर्षानुवर्षें सांगितलें. तें सांगणें चुकीचें होतें असें आतां वाटूं लागल्यामुळें हा लेख लिहीत आहों.

निमित्त असें घडलें. दादर येथील आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं एका पडक्या दरवाजाचें छायाचित्र आम्हांस दाखविलें. त्याखालीं त्यांच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें : 'शरभ, अर्थात् शैव राजवट, अर्थात् यादवकाल.' एका नांवावरून धर्म आणि धर्मावरून काल ! या न्यायानें जंजिऱ्याचे सिद्दीही शैव ठरतील. त्या जलदुर्गावर इ. स. १९४८ पर्यंत हबशी नबाबांची सत्ता होती, आणि त्याच्या द्वारीं तर हत्तींना पंजांत व शेपटींत पकडणारें हें श्वापद ठळक कोरलेलें आहे.

प्रथम ग्रंथांतील शरभ कोणता तें पाहूं. ऐतरेय ब्राह्मणांत बोकडांतून यज्ञीय सार निघून गेल्यावर जो अमेध्य पशु उरला तो शरभ, असें सांगितलें आहे. म्हणजे तेथें तो रानांतील एक साधा पशु आहे. अमरकोशांतही त्याची गणना पशूंतच केलेली आढळते. महाभारताच्या शांतिपर्वांत मात्र तो आठ पायांचा व सिंहाचाही घात करणारा झाला. ऋषीच्या आश्रयास असलेल्या कुत्र्याची ती कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. कालिदासाच्या मेघदूतांत शरभ मेघावरच उडी घेऊं पाहतात. पुढें लिंगपुराणांत नृसिंहाचा आवेश शमविण्यासाठीं शिवानें शरभरूप घेतलें, तेव्हां त्यास पंख आले. हा पौराणिक शरभ शिल्पांत पाहावयाचा असेल तर कुंभकोणमजवळ दारासुरम् येथील बाराव्या शतकांतील चोळकालीन ऐरावतेश्वर मंदिरांत पाहावा. तेथें ओळख पटविण्यास कोणाची मदत लागत नाहीं, कारण नृसिंह त्याच्या पकडींतच आहे.

आतां आमच्या दुर्गद्वारांकडे वळूं. येथें नृसिंह नाहीं आणि आठ पायही नाहींत. कांहीं शिल्पांत खांद्याशीं पंखांसारखी नक्षी दिसते, तोच शरभपक्षाचा मुख्य आधार. परंतु पंख असलेले सिंह इराणांतील पर्सिपोलिसच्या अवशेषांतही आहेत. हत्तीस पकडण्याची कल्पनाही कोणा एका पंथाची नव्हे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या (इ. स. १५२९-४२) नाण्यांवर द्विमुखी गंडभेरुंड हत्तींना चोंचींत व पायांत धरून असतो. हत्ती म्हणजे प्रतिस्पर्धी राजाचें बळ, आणि त्यास चिरडणारें श्वापद म्हणजे दुर्गस्वामी, ही दक्षिणेंत सर्व दरबारांस समजणारी भाषा होती.

मग हीं शिल्पें करविणारे या प्राण्यास काय म्हणत ? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर बेदर व विजापूर येथें आहे. बेदरच्या किल्ल्याचा एक दरवाजा इ. स. १५०३ मधील असून त्यावर दोन व्याघ्रसिंह कोरलेले आहेत. त्याचें नांव 'शर्जा दरवाजा'. विजापुरांत ज्या बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ आहे तो 'शर्जा बुरूज'. मूळ फारसी शब्दाचा अर्थ क्रुद्ध, उग्र असा असून तो सिंहाचें विशेषण म्हणून येतो. हाच शब्द मराठींत 'सर्जा' झाला. भूषण कवीनें शिवछत्रपतींस 'सरजा' म्हटलें, 'सर्जेराव' हा किताब झाला, आणि शेतकऱ्याच्या दावणींत सर्जा-राजाची जोडी आजही आहे. शब्द दरबारांतून गोठ्यापर्यंत पोंचला, आणि आम्ही संस्कृतज्ञ मात्र त्याचे जागीं शरभ बसवून मोकळे झालों ! दोन्ही शब्दांच्या आरंभींचा 'शर' आमच्या भ्रमास साह्य करता झाला असावा.

मुंबईकरांस अशा द्वारपशूंचें नवल वाटूं नये. गिरगांवांतून कोटांत जातांना बोरीबंदरच्या स्थानकाच्या फाटकावर एका खांबीं सिंह व दुसऱ्या खांबीं वाघ बसलेला दिसतो. पहिला इंग्लंडचा, दुसरा हिंदुस्थानचा. थोडें पुढें कोटांतच माणेकजी शेट यांच्या अग्यारीच्या दारीं मानवी मुखाचे, पंख असलेले वृषभ उभे आहेत. ते मूळ असुर देशांतील व इराणांतील राजद्वारांचे. यांस आपण शरभ म्हणत नाहीं, कारण ते कोणीं व कां बसविले हें आपणांस ठाऊक आहे.

दूरचें आणखी एक उदाहरण मणिपुरांतील आहे. इंफाळ येथें मैतेई राजांच्या कांगला नामक दुर्गांत सिंहासारख्या देहाचीं, शिंगें असलेलीं दोन प्रचंड श्वापदें होतीं. त्यांचें नांव 'कांगला शा'. 'शा' म्हणजे पशु. इ. स. १८९१ च्या युद्धानंतर इंग्रजांनीं तीं उद्ध्वस्त केलीं, कारण तीं राज्याचीं चिन्हें होतीं, इ. स. २००७ मध्यें तीं पुन्हा उभारण्यांत आलीं. मैतेई लोकांनीं आपल्या पशूस आपल्याच भाषेंतलें साधें नांव ठेविलें.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं टिपणांत पाय, पंख, शिंगें व हत्तींची संख्या प्रथम लिहावी. नांव द्यावयाचेंच तर शिल्पशास्त्रांतील 'व्याल' हें व्यापक नांव द्यावें; दख्खनी सुलतानांच्या व त्यानंतरच्या दरवाजांस 'शर्जा' अधिक शोभेल. दरवाजाचा काल ठरवितांना शिलालेख, कमानीची घडण व चुना यांस विचारावें, श्वापदास नव्हे.

दादरच्या स्नेह्यांस हा लेख आम्हीं वाचून दाखविला. त्यांनीं छायाचित्राखालील 'शैव राजवट' व 'यादवकाल' हीं पदें खोडलीं आहेत. 'शरभ' मात्र अद्यापि तसाच आहे.