गावसकरचं कॅलिप्सो गाणारा माणूस

एप्रिल १९७१. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर पाचवी कसोटी अनिर्णित राहिली आणि भारताने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदाच मालिका जिंकली, १-० अशी. एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरने त्या कसोटीत १२४ आणि २२० धावा काढल्या. दोनशेची ती खेळी तो दाढदुखी सोसत खेळला. मालिकेतल्या चार कसोटींत त्याच्या ७७४ धावा झाल्या. पदार्पणाच्या मालिकेतला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. त्रिनिदादमधल्या एका कृष्णवर्णीय तरुण गायकाने त्याच वर्षी आपल्याच संघाच्या या पराभवावर गाणं रचलं, हे मात्र नुसतं ऐकीव माहितीसारखं सांगितलं जातं. गायकाचं नाव विलार्ड हॅरिस, रंगमंचावरचं नाव लॉर्ड रिलेटर. गाणं ‘गावसकर कॅलिप्सो’. या माणसाला बाहेरच्या जगाने क्रिकेटवर गंमतीचं गाणं म्हणणारा एवढंच ओळखलं.

कॅलिप्सो म्हणजे काय, हे अमर शेखांचा डफ ऐकलेल्या महाराष्ट्राला फार समजावून सांगायला नको. गावात काय घडलं, कोण राज्यकर्ता माजला, कुणाची फजिती झाली, हे यमक जुळवून चौकात सांगायचं. वृत्तपत्र न वाचणाऱ्यांचं हे वृत्तपत्र. गायक स्वतःला ‘लॉर्ड’, ‘माईटी’ अशा पदव्या बहाल करतात, त्यात साहेबाची थट्टाही आहे. क्रिकेट या गाण्यांत असणारच होतं, कारण साहेबाला उघडपणे हरवता येईल अशी दुसरी जागा वसाहतीत नव्हती.

रिलेटरच्या आधी हा मान लॉर्ड बिगिनरचा. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने इंग्लंडला गेलेल्यांत बिगिनर आणि लॉर्ड किचनर हे दोन कॅलिप्सो गायक होते. दोन वर्षांनी, जून १९५० मध्ये, लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला ३२६ धावांनी हरवलं. इंग्लंडच्या भूमीवरचा हा त्यांचा पहिलाच कसोटी विजय. किचनरने गिटार घेऊन मैदानात मिरवणूक काढली आणि बिगिनरने त्या विजयावर जे गाणं केलं ते आजही वाजतं. त्या गाण्याचे नायक दोन फिरकी गोलंदाज, आल्फ व्हॅलेंटाइन आणि सनी रामाधीन. रामाधीन वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. एका काळ्या गायकाने गिरमिटियांच्या वंशजाला ‘आपला’ म्हटलं, तेही सहज, भाषण न ठोकता.

हे सहज नव्हतं हे कळायला त्रिनिदादचा इतिहास थोडा पाहावा लागतो. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज गिरमिटिया मजुरांची पहिली खेप घेऊन तिथे पोचलं. जहाजाचा मालक मुंबईचा एक मुसलमान व्यापारी, मजूर कलकत्त्याहून चढलेले. १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं अशी गेली. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या आफ्रिकींची मजुरी पाडायला मळेवाल्यांनी त्यांचा वापर केला, आणि वैराचं बी तिथेच पेरलं गेलं. तरी सरकारी लाठी दोघांवरही चालली. १८८१ मध्ये कार्निवलच्या मशालींच्या मिरवणुकीवर पोलीस धावून गेले. १८८४ मध्ये सॅन फर्नांडोत मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन डझनाहून जास्त माणसं मेली. तिथे मोहरमला ‘होसे’ म्हणतात. ‘हुसेन’चा उच्चार झिजून झालेला. त्या मिरवणुकीत शिया-सुन्नींबरोबर हिंदू मजूर असत, काळे लोकही असत, आणि वाजायचा तो ताशा. तो तिथल्या हिंदूंच्या लग्नात आजही वाजतो.

१९७१ च्या जेमतेम वर्षभर आधी त्रिनिदाद पेटलं होतं. ब्लॅक पॉवर चळवळीने मार्च १९७० मध्ये कॅरोनीच्या ऊसमळ्यांपर्यंत मोर्चा नेला, आफ्रिकी आणि भारतीय वंशीयांनी एक व्हावं अशी त्यांची हाक होती. एप्रिलमध्ये पंतप्रधान एरिक विल्यम्सनी आणीबाणी लावली. अशा बेटावर वाडेकरचा संघ उतरला, आणि ओव्हलवरच्या भारतीय वंशाच्या प्रेक्षकांतले बरेच जण भारतासाठी टाळ्या वाजवू लागले. मग प्रश्न येतोच: खाता इथलं आणि टाळ्या कुणाला?

हा प्रश्न मराठी मुसलमानाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. प्रत्येक भारत-पाक सामन्याला तो त्याच्या दारात उभा असतो. १९९० मध्ये ब्रिटनच्या नॉर्मन टेबिट यांनी त्याची चक्क कसोटीच करून टाकली, स्थलांतरित कुठल्या संघाला पाठिंबा देतात त्यावरून त्यांची निष्ठा मोजायची.

रिलेटरने त्या वातावरणात केलं काय? त्याने पाहुण्यांची नावं गाण्यात गुंफली. सरदेसाई, वाडेकर, सोलकर, वेंकटराघवन, आबिद अली, सलीम दुराणी. दुराणीने दुसऱ्या कसोटीत सोबर्सला शून्यावर आणि मग लॉइडला बाद करून सामना फिरवला होता. गावसकर आमच्या गोलंदाजांना बाद होतच नाही, याची कबुली रिलेटरने हसत दिली, स्वतःच्या संघाचीही खिल्ली उडवली. टाळ्या वाजवणाऱ्या शेजाऱ्याला गद्दार ठरवणं सोपं होतं. त्यापेक्षा त्याने स्वतःच टाळी वाजवली. मला या गाण्यातली चाल फारशी मोठी वाटत नाही, पण ही कृती मोठी वाटते.

त्याच मालिकेत बार्बाडोसच्या कसोटीत वेस्ट इंडीजने एका नव्या फिरकी गोलंदाजाला उतरवलं, त्रिनिदादच्या प्रायझलचा इन्शान अली. एका बाजूला आबिद अली, दुसऱ्या बाजूला इन्शान अली! देश नावावरून ओळखणाऱ्यांची पंचाईतच. गावसकरने पुढे आपल्या मुलाचं नाव रोहन ठेवलं ते गयानाच्या रोहन कन्हायवरून, जो १९७१ ला त्याच्याविरुद्धच खेळत होता.

रिलेटरची कारकीर्द क्रिकेटवर थांबली नाही. तो पट्टीचा गिटारवादक, जुन्या कॅलिप्सो गायकांच्या हुबेहूब नकला करणारा. १९८० मध्ये त्रिनिदादचा ‘कॅलिप्सो मोनार्क’ हा सर्वोच्च किताब त्याला मिळाला तो महागाईवरच्या ‘फूड प्रायसेस’ आणि ‘टेक अ रेस्ट’ या गाण्यांसाठी. पुढे स्टीलपॅनवादक अँडी नरेलबरोबर त्याने ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिप्सो’ हा अल्बम केला, २००९ मध्ये. जुनी, विस्मरणात चाललेली कॅलिप्सो त्यात त्याने पुन्हा गायली आहेत. भारतीय श्रोत्याला त्याच्याकडून अजूनही हवं असतं ते मात्र गावसकरचंच गाणं.