स्ट्राइक, संप आणि सम्मे

सोलापुरातली पहिली कापड गिरणी १८७७ सालची, पुढे तिचंच नाव ‘जुनी मिल’ पडलं. गिरण्यांमागोमाग साहेबाच्या इंग्रजीतून ‘स्ट्राइक’ही आला. शब्द मोठा फिरस्ता.

या क्रियापदात मुळात मार नव्हताच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते हात फिरवणं, घासणं, वाटेने चालणं अशा अर्थांनी भेटतं. त्याचं जर्मन भावंड अजूनही हात फिरवण्याच्या आणि रंग फासण्याच्याच कामी आहे. पुढे घासण्याचा आघात झाला. मग नाणी पाडणं, घड्याळाचे ठोके, वीज कोसळणं, सगळं त्या एकाच क्रियापदाच्या पदरी आलं. मराठीत प्रत्येकाला निराळं क्रियापद लागतं. काडेपेटीची काडी मात्र आपण ‘ओढतो’, आणि इंग्रजांनी मागे टाकलेलं ते घासणं तिथे शाबूत आहे!

कामबंदीचा अर्थ आला समुद्रावरून. शीड उतरवायलाही इंग्रजीत हेच क्रियापद. १७६८ मध्ये लंडनच्या बंदरात मजुरीवाढ मागणाऱ्या खलाशांनी शिडं उतरवली आणि जहाजं जागीच अडकली. पुढे वाफेची जहाजं आली, शिडं गेली, शब्द तेवढा किनाऱ्यावर राहिला.

सोलापूरचा कामगार मात्र ‘संप’ म्हणाला. संप म्हणजे एकी. गुजरातीत आजही भावाभावांत ‘संप’ असतो, म्हणजे त्यांचं पटतं. खलाशांनी काय केलं ते इंग्रजीने टिपलं. त्याआधी माणसांचं एकमत व्हावं लागतं, ते मराठीने. मला मराठीचं निरीक्षण जास्त खोल वाटतं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरी यालाच ‘सम्मे’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘मुष्कर’.

हरताळ निराळा. संस्कृतातला ‘हट्ट’ म्हणजे बाजार, त्याला ठोकलेलं ताळं. (‘हरताळ फासणे’तला हरताळ याचा कोणी नव्हे; तो पोथीतली चूक पुसायचा पिवळा रंग.) मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापुरात दुकानंही बंद झाली, गिरण्याही. गोळीबार झाला, मग मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. तरी १९३४ मध्ये इथल्या गिरण्यांत पुन्हा मोठा संप झालाच.

आता विडी कामगार बायकांच्या तोंडी संप आहे, सम्मे आहे. स्ट्राइक उरला पोरांच्या क्रिकेटमध्ये: “ए, स्ट्राइकवर कोण आहे रे?”