नागावची गर्दी आणि सुट्टीचा पगार

अलिबागजवळच्या नागावात कॅलेंडरवरची लाल तारीख म्हणजे गर्दी. मुंबई-पुण्याला सुट्टी असते, म्हणूनच इथल्या कॉटेजवर आणि खानावळीत राबणाऱ्याला ती नसते.

एकेकाळी तर आठवड्याची सुट्टीसुद्धा मागून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. १० जूनला मालकांनी रविवार कबूल केला. (१८९३ च्या दंगलीनंतर राणीच्या बागेत हिंदू-मुसलमानांना एकत्र आणणारेही हेच लोखंडे. आपल्याकडे हे फारसे सांगितले जात नाही.)

सुट्टी मिळाली, तरी तिचा पगार हा वेगळाच झगडा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि सणांच्या चार. त्या दिवशी कामाला बोलावले तर दुप्पट पगार, शिवाय बदली रजा. चार सण कोणते, हे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायचे. म्हणजे ईदसाठी डिसेंबरातच बोलायला हवे. चांदरातीला विचारून उपयोग नाही.

खरी फट पुढेच आहे. कायदा आला तेव्हा हे हक्क दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरतेच ठेवले गेले. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीतल्या चार खोल्यांच्या कॉटेजवर दहा माणसे कुठून येणार?