अक्षर आणि सीसी

स्त्रीदेहाच्या मोजमापाचा इतिहास पाहताना आपल्याला दोन परिभाषा भेटतात. पहिली अक्षरांची. १९३२ साली अमेरिकेतील एस. एच. कॅम्प आणि कंपनीने स्तनांच्या आकारमानाला 'ए' ते 'डी' ही अक्षरे जोडली. दुसरी घनफळाची. १९६२ साली ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण केले. अशा रोपणाचे माप घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे सीसीत, सांगतात.

घनफळ निश्चित असते. अक्षर मात्र सापेक्ष असते. छातीचा पूर्ण घेर आणि स्तनांखालचा घेर यांतील फरक ते दर्शवते. म्हणूनच ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी यांच्या कपांत जवळपास सारखेच घनफळ मावते. शिवाय उत्पादकागणिक मापे बदलतात. परिणामी ३०० सीसीचे तेच रोपण अरुंद बांध्याच्या स्त्रीला एक अक्षर देते, रुंद बांध्याच्या स्त्रीला दुसरे. जाणते शल्यविशारद छातीची रुंदी आणि मूळची ऊती पाहून रोपण निवडतात. विशिष्ट अक्षराचे वचन देत नाहीत.

कपड्यांच्या व्यापारासाठी घडलेले अक्षर पुढे स्त्रीच्या इच्छेची भाषा बनले, हे आपण ध्यानात घ्यायला हवे. या दोन परिभाषांमधील भाषांतर फसले, तर त्याची किंमत तिच्या शरीराला मोजावी लागते.