दारिद्र्यरेषा

किमान मानवी गरजा भागविण्यास आवश्यक अशा दरडोई उपभोग-खर्चाची वा उत्पन्नाची ठरविलेली सीमा म्हणजे दारिद्र्यरेषा होय. या सीमेखालील व्यक्ती दरिद्री गणल्या जातात. इतरांच्या तुलनेने कमी उत्पन्न असणे हे सापेक्ष दारिद्र्य, तर अन्न, वस्त्र, निवारा यांसारख्या मूलभूत गरजाही न भागणे हे निरपेक्ष दारिद्र्य होय. विकसनशील देशांत मुख्यत्वे निरपेक्ष दारिद्र्याचे मापन करतात. तथापि ‘किमान’ कशास म्हणावे, हे केवळ आकडेमोडीने ठरत नाही. त्यामागे समाजाचा व शासनाचा निर्णय असतो. महाराष्ट्रातील या विषयाच्या अभ्यासाचा इतिहास हेच दर्शवितो.

भारतात दारिद्र्यमापनाचा पहिला पद्धतशीर प्रयत्न ⇨ दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७) यांनी केला. १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधांत त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे वार्षिक दरडोई उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे दाखविले. तुरुंगातील कैद्यांना व परदेशी जाणाऱ्या मजुरांना सरकार जे अन्नवस्त्र देई, त्याची किंमत हे त्यांचे तुलनेचे माप होते. हे विवेचन पुढे १९०१ मध्ये ग्रंथरूपाने लंडन येथे प्रसिद्ध झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९६२ मध्ये, तज्ञांच्या एका गटाने १९६०-६१ च्या किंमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये हा किमान खर्च सुचविला. शिक्षण व आरोग्य यांची तरतूद शासन करील, असे गृहीत धरून हे खर्च त्यातून वगळण्यात आले. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर (१९२०–९५) व नीलकंठ रथ यांनी दररोज दरडोई २,२५० उष्मांक मिळवून देणारा आहार हा निकष घेतला. त्यानुसार १९६०-६१ च्या किंमतींना ग्रामीण भागात दरमहा सुमारे १५ रुपये व नागरी भागात सुमारे साडेबावीस रुपये ही सीमा ठरली. ग्रामीण लोकसंख्येपैकी सु. ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सु. ५० टक्के लोक तीखाली असल्याचे त्यांना आढळले. शहरांतील दारिद्र्य हे ग्रामीण दारिद्र्याचाच ओघ होय, असे त्यांचे मत होते. सार्वजनिक कामांवर रोजगार पुरविणे हा उपाय त्यांनी सुचविला.

या निकषास संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांनी आक्षेप घेतला. व्यक्तीची उष्मांकांची गरज स्थिर नसून दिवसागणिक ठराविक मर्यादेत बदलते. म्हणून सरासरी गरजेहून कमी आहार घेणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानणे युक्त नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकरांना ते मान्य झाले नाही. हा वाद वरवर आहारशास्त्राचा असला, तरी त्याच्या निकालावर कोट्यवधी माणसांची गणना अवलंबून होती.

१९७२-७३ च्या दुष्काळात विस्तारलेल्या ⇨ रोजगार हमी योजनेने वेगळी वाट चोखाळली. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या या योजनेत दरिद्री व्यक्तींची यादी करण्याची आवश्यकता नव्हती. अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते मिळे. तिच्यासाठी १९७७ मध्ये केलेला अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यास ही योजना पूर्वसूरी ठरली.

१९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० उष्मांक हे प्रमाण स्वीकारले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर (१९३९–२०११) यांच्या समितीने उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण व आरोग्य यांवरील खर्च हिशेबात घेतला. या पद्धतीने २०११-१२ मध्ये देशात २६.९ कोटी लोक दरिद्री ठरले, तर त्याच वर्षासाठी रंगराजन समितीच्या (२०१४) निकषाने ३६.३ कोटी. रेषा वर सरकताच साडेनऊ कोटींच्या आसपास माणसे तीखाली आली. २०१० पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांतील वंचिततेवर आधारित बहुआयामी निर्देशांकही वापरला जातो.

खर्चावर आधारलेल्या मापनाची मर्यादा नवी मुंबईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९७० पासून या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्यात आल्या. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी हे तेथील उपजीविकेचे आधार होते. भरपाईची रक्कम खर्च होत असता कुटुंबाचा उपभोग-खर्च वाढलेला दिसतो. उपजीविकेचे साधन गेल्याची नोंद मात्र त्यात होत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. दारिद्र्य म्हणजे केवळ आजचा अपुरा खर्च, की उद्याच्या आधाराचा अभावही, हा प्रश्न यातून पुढे येतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या (२०१३) अंमलबजावणीत महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० व नागरी भागात ५९,००० रुपये ठरविली. स्वस्त धान्य कोणास मिळावे, हे अशा आकड्यांवर ठरत असल्याने दारिद्र्यरेषेचे निकष वेळोवेळी तपासणे अगत्याचे ठरते.